जोडी लागते, पण पिल्लं होत नाहीत: विस्टार रॅटच्या ब्रीडिंगमध्ये गाडी नेमकी कुठे अडते

कॉलेजच्या ॲनिमल हाउसमधलं ब्रीडिंग रजिस्टर उघडलं की एक शेरा हमखास सापडतो: "मादी राहिली नाही." या एका शेऱ्याखाली चार वेगवेगळे बिघाड गाडले जातात. नर मादीवर चढलाच नाही. चढला, पण वीर्यात दम नव्हता. गर्भ धरला आणि दहाव्या-बाराव्या दिवशी जिरला. किंवा मादी अगदी वेळेवर व्याली, पण सकाळी अटेंडंट येईपर्यंत पिंजऱ्यात काहीच शिल्लक नव्हतं. चौघांवर उपाय वेगळा. मादी बदलणं हा त्यातल्या बहुतेकांवर उपायच नाही, आणि तरी सगळ्यात आधी तेच केलं जातं.

पुढचं सगळं विस्टार या प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या रॅटच्या जातीबद्दल आहे. स्प्रेग-डॉली या दुसऱ्या जातीलाही जवळपास तसंच लागू पडतं. माइसवर (प्रयोगशाळेतल्या लहान उंदरांवर) हात बसलेल्या माणसाने मात्र तिथले नियम इथे आणू नयेत. माऊसचा प्लग (समागमानंतर वीर्य घट्ट होऊन बनलेली गुठळी) सकाळी योनीत दिसतो, रॅटचा काही तासांत गळून पडतो. "प्लग दिसला नाही, म्हणजे जोडी लागली नाही" हा निष्कर्ष माऊसमध्येही पूर्ण खरा नसतो, रॅटमध्ये तर सपशेल चुकतो.

आधी तारखा, मग मादी

रॅटचा गर्भकाळ 21 ते 23 दिवस, विस्टारमध्ये बहुधा 22. ज्या सकाळी स्मिअरमध्ये (योनीतून घेतलेल्या थेंबाच्या तपासणीत) शुक्राणू दिसले तो दिवस शून्य धरायचा. काही प्रयोगशाळा त्यालाच पहिला दिवस म्हणतात. दोन्ही चालतं, पण एका खोलीत एकच पद्धत हवी आणि ती दारावर लिहिलेली हवी. दोन विद्यार्थी दोन पद्धतींनी मोजतात तेव्हा "एक दिवस आधी व्याली"सारख्या नोंदी तयार होतात आणि मग त्यांवर चर्चा झडतात.

निदानाची किल्ली एकच: जोडी लागल्यावर मादी पुन्हा माजावर कधी आली?

चार-पाच दिवसांत आली, तर समागम झालाच नाही किंवा पुरेसा झाला नाही. रॅटचं माजचक्र मुळात 4 ते 5 दिवसांचं. ते न थांबता चालू राहिलं, एवढाच याचा अर्थ.

बारा ते चौदा दिवसांनी आली, तर तो खोटा गाभणपणा. गर्भाशयमुखाला समागमाने पुरेशी चेतना मिळाली की मादीच्या शरीराला गर्भ राहिल्यासारखं वाटतं आणि चक्र जवळपास दोन आठवडे थांबतं. गर्भ मात्र नसतो. म्हणजे नराने काम केलं, वीर्याने केलं नाही. संशय नरावर घ्या. (स्मिअर घेणाऱ्याच्या हातावरही, त्याचं कारण खाली आहे.)

वजन तेराव्या दिवसापर्यंत चढलं आणि मग थांबलं किंवा उतरलं, तर गर्भ धरला होता, पण जिरला. इथे नर निर्दोष आहे. खाद्य, आजार, उष्णता आणि हाताळणी तपासा.

वजन विसाव्या दिवसापर्यंत नीट चढलं, बाविसाव्या दिवशी पोट रिकामं दिसलं आणि पिल्लं नाहीत, तर प्रजननाचा प्रश्नच नाही. प्रश्न पिंजऱ्याचा, पाण्याचा आणि माणसांचा.

यासाठी वजन 0, 7, 10, 13, 16 आणि 20 या दिवशी, एकाच वेळी, एकाच काट्यावर घ्या. दहा-बारा पिल्लांची गाभण मादी विसाव्या दिवसापर्यंत साधारण 100 ग्रॅमने वाढते, आणि त्यातली मोठी वाढ तेराव्या दिवसानंतरची असते. सातव्या-दहाव्या दिवसाच्या वजनावर भरवसा ठेवू नका, कारण खोटी गाभण मादीही तोवर वजन वाढवते. बोटांनी चाचपून सांगायचं तर बारावा ते चौदावा दिवस योग्य. मादीला घाई न करता टेबलावर उभं ठेवून, अंगठा आणि तर्जनी यांमध्ये पोट हलकेच धरून मागे सरकवलं की मण्यांची माळ लागते. चिमटा काढल्यासारखं दाबलं तर तपासणीच गर्भपाताला कारण होईल.

एक गोष्ट नव्या लोकांना हमखास घाबरवते: बाराव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास स्मिअरमध्ये लाल रक्तपेशी दिसतात, कधी बाहेरही लाल ठिपका. हे नाळ तयार होताना होणारं नेहमीचं लक्षण आहे. गाभण असल्याची ती उलट चांगली खूण समजतात. रक्तस्राव चालू राहिला आणि वजन उतरलं तरच काळजी.

माज ओळखण्यातली एका दिवसाची चूक

समागम झालाच नाही, या गटात मोडणाऱ्या बहुतेक नोंदींमागे एकच चूक असते. विद्यार्थी सकाळी स्मिअर पाहतो, त्यात केंद्रक नसलेल्या, कडा मुडपलेल्या, कुरमुऱ्यासारख्या पेशींचा ढीग दिसतो. पुस्तकात लिहिलंय, हा इस्ट्रस, म्हणजे माज. म्हणून संध्याकाळी तो मादी नराकडे सोडतो. पण मादी नराला घेते ती त्याच्या आदल्या रात्री. प्रोइस्ट्रसच्या, म्हणजे माजाच्या आदल्या टप्प्याच्या, संध्याकाळपासून ती तयार होते आणि अंडमोचन मध्यरात्रीनंतर होतं. इस्ट्रस दिसलेल्या संध्याकाळी बहुतेक मादी मागच्या पायांनी नराला लाथा घालते, आणि रजिस्टरमध्ये नराच्या नावाने शेरा पडतो.

म्हणून शोधायचा तो प्रोइस्ट्रस. गोल, केंद्रक स्पष्ट दिसणाऱ्या पेशी, बऱ्याचदा द्राक्षांच्या घोसासारख्या चिकटलेल्या, आणि पांढऱ्या पेशी जवळपास नाहीत. हा टप्पा जेमतेम 12 ते 14 तासांचा असतो, म्हणून स्मिअर रोज ठरलेल्या वेळी, सकाळी 8 ते 10 च्या दरम्यान, घ्यावा. एक दिवस 9 वाजता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी 3 वाजता घेतला तर प्रोइस्ट्रस मधल्या मध्ये निसटतो. पांढऱ्या पेशी भरून असलेला डायइस्ट्रस (दोन माजांमधला शांत टप्पा) 55 तासांच्या वर चालतो. तो सलग दोन सकाळी दिसला तर बिघाड नाही. सलग सहा-सात सकाळी दिसला तर ती मादी खोटी गाभण, खरी गाभण किंवा आजारी आहे.

स्मिअरची रीत साधी आहे, आणि साधी म्हणूनच बिघडते. काचेचा किंवा प्लास्टिकचा ड्रॉपर, टोक गुळगुळीत, 0.9 टक्के सलाइन, 0.1 ते 0.2 मिलिलिटर. सलाइन खोलीच्या तापमानाचं. फ्रिजमधून काढून थेट वापरू नका. टोक 5 मिलिमीटरच्या आत ठेवा, दोनदा दाबा-सोडा, थेंब काचपट्टीवर घ्या, रंग न लावता सूक्ष्मदर्शकाच्या 10 पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली पाहा. टोक खोल घातलं की गर्भाशयमुखाला धक्का लागतो आणि मादी त्याच कारणाने खोटी गाभण होते. कोवळ्या विद्यार्थ्याच्या पहिल्या आठवड्यात अर्ध्या माद्यांची चक्रं अचानक थांबली, तर त्या खोलीतलं पाणी-हवा तपासण्याआधी त्याचा हात पाहा. शिवाय दर मादीला वेगळा ड्रॉपर वापरा, नाहीतर एकीचा संसर्ग रांगेभर फिरतो.

जोडी लावण्याआधी सलग दहा सकाळी स्मिअर घ्यावेत, म्हणजे दोन चक्रं दिसतात. मादी 10 ते 12 आठवड्यांची आणि 200 ग्रॅमच्या वरची असावी, नर 12 आठवड्यांचा. प्रवास करून आलेल्या माद्यांची चक्रं काही दिवस विस्कटलेली असतात. त्यांचा क्वारंटाइन (लहान प्राण्यांसाठी एक आठवडा ते एक महिना) आटोपल्यावरही पहिले दहा स्मिअर झाल्याशिवाय जोडी लावू नये.

मादी नेहमी नराच्या पिंजऱ्यात सोडायची, उलट नाही. नवख्या पिंजऱ्यात नर आधी वास घेत फिरतो आणि रात्र निघून जाते. संध्याकाळी 5 ते 6 दरम्यान सोडा. त्या रात्रीपुरती तळाला जाळी आणि खाली कोरा कागद ठेवला तर सकाळी गळलेला प्लग सापडतो: पिवळसर पांढरा, मेणासारखा घट्ट, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. तो सापडला तरी स्मिअर घ्याच. रॅटच्या शुक्राणूचं डोकं कोयत्यासारखं वाकडं असतं, एकदा ओळखलं की चुकत नाही. स्मिअर रोज पाहायला माणूस नसेल, तर एका नरामागे दोन माद्या सलग पाच रात्री ठेवा. पाच रात्रींत एक पूर्ण चक्र येऊन जातं. फक्त मग गर्भाचा दिवस अंदाजे राहील, हे प्रोटोकॉलमध्ये लिहावं लागेल.

नर: मे महिन्याची उधारी जुलैत

महाराष्ट्रातल्या खोल्यांमधली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट ही. रॅटच्या वृषणात शुक्राणू तयार व्हायला सुमारे 52 दिवस लागतात, त्यानंतर एपिडिडायमिसमधून (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू साठवणाऱ्या नळीतून) पुढे सरकायला आणखी आठवडा-दीड आठवडा. म्हणजे आज जे वीर्य आहे त्याची सुरुवात दोन महिन्यांपूर्वी झाली. नागपूर, अकोला, चंद्रपूर, नांदेड इकडे मे महिन्यात बाहेर 44-45 अंश असतात. सुट्टीत शनिवारी दुपारी वीज गेली, जनरेटरवर फक्त दिवे चालले, एसी बंद राहिला, तर खोली काही तासांत 35 च्या वर जाते. सोमवारी सगळं पूर्ववत दिसतं. जनावर मरत नाही, खातं-पितं, कोणाच्या लक्षात येत नाही. साठ्यातल्या शुक्राणूंवर थोडे दिवस निभावतं. मग जून-जुलैमध्ये जोड्या "लागतात", माद्या बारा-चौदा दिवस थांबतात आणि परत माजावर येतात. तोवर मे कोणाला आठवत नाही. पावसाला, नव्या खाद्याला, नव्या अटेंडंटला दोष दिला जातो.

म्हणून खोलीत कमाल-किमान तापमान नोंदवणारं यंत्र लावा, आणि ते रॅकच्या वरच्या ओळीवर, भिंतीवर नव्हे. एसीच्या सेन्सरजवळचे 22 अंश आणि वरच्या ओळीतले 27 अंश एकाच खोलीत सुखाने नांदतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समितीच्या, सीसीएसईएच्या (आधीचं सीपीसीएसईए) मार्गदर्शक सूचनांत लहान प्राण्यांसाठी 18 ते 29 अंश आणि 30 ते 70 टक्के आर्द्रता दिली आहे. ब्रीडिंगच्या खोलीसाठी 22 अंश, फार तर दोन इकडे-तिकडे, हे ध्येय ठेवा. नर खालच्या ओळीत ठेवावेत, तिथे थंड असतं आणि उजेडही कमी. एसीसाठी बॅकअप शक्य नसेल, तर किमान नरांची रॅक तरी वेगळ्या, बॅकअप असलेल्या खोलीत हलवता येते.

वाळ्याचा कूलर एप्रिलमध्ये विदर्भात चालतो, कारण हवा कोरडी असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तोच कूलर खोली वाफेच्या पातेल्यासारखी करतो. उलट टोकाला, कोरड्या हवेत एसी जोरात चालवला की आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली जाते आणि दुधावरच्या पिल्लांच्या शेपटीला वळ्यांसारखे आवळलेले पट्टे पडतात. पुढे शेपटीचा भाग गळतो. त्याला जंतू समजून अँटिबायोटिक देऊ नका, आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास आणा.

नर तपासायची सोपी रीत: आधी व्यालेल्या, चक्र नियमित असलेल्या दोन-तीन माद्या दोन आठवडे त्याच्याकडे ठेवा. सगळ्या पुन्हा माजावर आल्या तर नर बाजूला काढा. उष्णतेची नोंद असेल तर त्या तारखेपासून 65 दिवस थांबून पुन्हा हीच चाचणी घ्या. नसेल तर वय पाहा. वर्षभराच्या नराकडून अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. तरुण नर असेल, तर तो आठवड्यातून किती रात्री वापरला गेला ते बघा. रोज नवी मादी देणारी वेळापत्रकं कागदावर छान दिसतात, पण नराला मध्ये मोकळे दिवस हवेत.

उजेड

12 तास उजेड, 12 तास अंधार. ब्रीडिंगला काही ठिकाणी 14 आणि 10 ठेवतात. टायमर लावा. माणसाच्या हाताने बटण दाबणारी पद्धत रविवारी मोडतेच. सतत उजेडात ठेवलेल्या माद्या काही आठवड्यांत कायमच्या इस्ट्रसमध्ये अडकतात: स्मिअर रोज माजाचा, अंडमोचन मात्र नाही. खोलीतल्या बऱ्याच माद्या एकाच वेळी असं दाखवू लागल्या, तर रात्री जाऊन पाहा. टायमरचा रिले चिकटलेला असेल, वॉचमन व्हरांड्यातला दिवा जाळत असेल आणि तो दाराच्या काचेतून थेट रॅकवर पडत असेल. काचेला काळा कागद लावा. रात्री काम करायचंच तर मंद लाल दिवा. रॅटला लाल फारसं दिसत नाही.

गर्भ जिरतो तेव्हा

रोपण (गर्भ गर्भाशयाच्या भिंतीला चिकटणं) होतं पाचव्या दिवशी. त्याच्या आगेमागे, म्हणजे साधारण तिसऱ्या ते नवव्या दिवसात, मादीला दुसऱ्या खोलीत हलवणं, नव्या सोबतिणींत टाकणं, उपाशी ठेवणं टाळा.

खाद्यावर थोडं सविस्तर बोलायला हवं. 1922 साली कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांनी रॅटना डुकराच्या चरबीचा आहार दिला, तेव्हा माद्या गाभण राहत होत्या, पण गर्भ जिरत होते. लेट्यूसची पानं दिल्यावर गर्भ टिकले. त्यातून ई जीवनसत्त्व सापडलं. शंभर वर्षांनंतरही हाच प्रयोग नकळत पुन्हा होत असतो, कारण खाद्यातलं तेल खवट झालं की आधी जातं ते ई जीवनसत्त्व. पोत्यावरची तारीख विकत घेतल्याची नव्हे, उत्पादनाची पाहा. सहा महिन्यांच्या आत संपवा. पोतं जमिनीवर नको, लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर एका वेळी महिन्याभरापेक्षा जास्त खाद्य भरून ठेवू नका. पेलेट (खाद्याची कांडी) मोडून वास घ्या: खवट वास किंवा आत हिरवट-काळा ठिपका दिसला तर पूर्ण पोतं बाद, वरचा थर काढून उरलेलं वापरणं नाही. बुरशीचं विष दाण्याला दाणा पसरतं आणि शिजवून, ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) जात नाही. उलट साधं खाद्य ऑटोक्लेव्ह केलं की त्यातली जीवनसत्त्वं उडतात; ऑटोक्लेव्हसाठी म्हणून वेगळं बनवलेलं खाद्य मिळतं, ते घ्या.

प्रथिनं गाभण आणि पाजणाऱ्या माद्यांना 20 टक्क्यांच्या वर लागतात. प्रयोगाच्या नरांसाठी आणलेलं हलकं खाद्य सगळ्यांना देऊ नका, आणि बदल करायचा तर जोडी लावण्याच्या दोन आठवडे आधी. मोड आलेले हरभरे आठवड्यातून एक-दोनदा वरकड म्हणून ठीक. ते मुख्य जेवण झालं की प्रथिनं-खनिजांचा तोल जातो.

अंथरुणाकडेही बघा. मक्याच्या कणसाच्या भुशातले काही घटक रॅटचं माजचक्र बिघडवतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. ब्रीडिंगसाठी तो टाळलेलाच बरा. भाताचा तूस आपल्याकडे सोपा आणि स्वस्त पडतो, पण चाळून, ऑटोक्लेव्ह करून आणि पूर्ण वाळवून. ओल्या तुसात अमोनिया लवकर चढतो. दार उघडताच डोळे चुरचुरले, तर पिंजऱ्यात नाकाजवळ तो कितीतरी जास्त आहे.

अमोनिया आणि मायकोप्लाझ्मा पल्मोनिस यांची जोडगोळी आहे. हा जंतू श्वसनमार्गात राहतो, शिंका आणि खरखर देतो. पण तो गर्भाशयातही शिरतो आणि मग माद्या राहत नाहीत, राहिल्या तर पिल्लं थोडी होतात. रात्री दिवे बंद करून पाच मिनिटं खोलीत गप्प उभं राहा. बारीक शिंका, नाकातली घरघर ऐकू आली, मादीच्या डोळ्यांभोवती आणि नाकपुडीवर लालसर कवच दिसलं, तर ब्रीडिंग थांबवून तपासणी करून घ्या. (ते लाल कवच रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतलं पॉर्फिरिन नावाचं लालसर रंगद्रव्य असतं. नुसत्या ताणानेही येतं.) औषधाने लक्षणं दबतात, जंतू वसाहतीतून जात नाही, शेवटी नवा स्वच्छ साठा आणावा लागतो.

गर्भ धरलाच नाही की धरून लवकर जिरला, हे ठरवायची एक खात्रीची चाचणी आहे. प्रोटोकॉलमध्ये आधीच संपवायच्या ठरलेल्या माद्यांचं गर्भाशय 10 टक्के अमोनियम सल्फाइडमध्ये दहाएक मिनिटं बुडवलं की जिथे जिथे रोपण झालं होतं तिथे काळे ठिपके उमटतात. गर्भाशय साध्या डोळ्यांना कोरं दिसत असतानाही. ठिपके नाहीत तर नराकडे वळा. आठ-दहा ठिपके असतील तर खाद्य आणि आजाराकडे. द्रावणाला कुजक्या अंड्यांचा वास येतो आणि तो वायू विषारी आहे, फ्यूम हूडबाहेर हे करू नये. केवळ या तपासणीसाठी मादी मारायची असेल तर आयएईसीची (संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची) मंजुरी आधी.

व्याली, पण पिल्लं गेली

इथे नुकसान सगळ्यात जास्त होतं आणि टाळणं सगळ्यात सोपं असतं.

मादीला सोळाव्या ते अठराव्या दिवसादरम्यान तिच्या स्वतःच्या पिंजऱ्यात हलवा. तळ भरीव; जाळीच्या तळावर व्यालेली मादी पिल्लं वाचवू शकत नाही. तूस दोन-तीन सेंटिमीटर जाड, वर आठ-दहा बिनवासाचे टिश्यू पेपर किंवा कागदाच्या पट्ट्या. कापूस नको, त्याचे धागे पिल्लांच्या पायांना आवळतात. शेवटची साफसफाई अठराव्या दिवशी. त्यानंतर पिल्लं चार-पाच दिवसांची होईपर्यंत पिंजरा बदलायचा नाही, वास आला तरी. फारच ओला झाला तर ओला कोपरा तेवढा काढा. पुढे बदलताना जुन्या घरट्यातली मूठभर सामग्री नव्यात टाका.

पाण्याची बाटली. ही ओळ ठळक अक्षरात दारावर लावण्याजोगी आहे. पाजणारी मादी एरवीच्या दोन-तीन पट पाणी पिते. बाटली उलटी केल्यावर तोटीतला गोळा बोटाने दोनदा दाबून पाहा. हवा अडकली असेल तर थेंब येत नाही, बाटली मात्र भरलेली दिसते. उलट प्रकार याहून वाईट. घरट्यासाठी तूस जास्त घातला, मादीने तो उकरून तोटीखाली ढीग केला, तोटी तुसाला टेकली, की अख्खी बाटली रात्रीतून पिंजऱ्यात उतरते. सकाळी बाटली रिकामी, तूस लगद्यासारखा आणि पिल्लं थंडगार. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. ओलं पिल्लू काही तासांत जातं. तोटी आणि तूस यांत चार बोटं अंतर ठेवा आणि रिकाम्या बाटलीचा अर्थ "मादीने सगळं पाणी प्यायलं" असा लावू नका.

मेलेली पिल्लं काय सांगतात ते फेकण्याआधी बघा. व्याल्याच्या पहिल्या दिवसांत पातळ कातडीतून पोटाच्या डाव्या बाजूला दुधाचा पांढरा पट्टा दिसतो. पट्टा नाही आणि पिल्लं घरट्याबाहेर विखुरलेली: आईने घेतलंच नाही, पाणी, आवाज, उजेड, वारंवार उघडलेलं झाकण यांतलं काहीतरी. पट्टा आहे आणि पिल्लं मेलेली: थंडी, ओल, दबणं किंवा संसर्ग. काहीच अवशेष नाहीत, फक्त रात्री दहा होती आणि सकाळी सात: आईने मेलेली किंवा अशक्त पिल्लं खाल्ली. ही साफसफाई आहे. तिला "पिल्लंखाऊ" ठरवून काढून टाकण्याआधी एक संधी द्या, विशेषतः पहिलटकरणीला. दोन वेतांत सलग सगळी पिल्लं गेली आणि शेजारच्या पिंजऱ्यातल्यांची टिकली, तर मात्र तिला ब्रीडिंगमधून काढा.

मोजणी करायचीच असेल तर आईला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा, हातमोजे तिच्याच तुसात चोळा, पिल्लं मोजा, घरट्यात परत ठेवा, मग आईला सोडा. पूर्ण काम दोन मिनिटांत. हातमोज्यांना सॅनिटायझरचा, आधीच्या पिंजऱ्यातल्या नराचा किंवा मांजर पाळणाऱ्याच्या बाहीचा वास नको.

आवाजाबद्दल गैरसमज बरेच आहेत. गणपतीतल्या ढोलाचा खर्ज रॅटला फारसा ऐकू येत नाही. रॅकमधून येणारी थरथर जाणवते. त्याहून वाईट ती खोलीतली स्टीलची आपटलेली झाकणं, जमिनीवर ओढलेली ट्रॉली, आणि आपल्याला ऐकूच न येणारे आवाज. रॅटला 80 किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकू येतं, पिल्लं आईला हाक मारतात ती 40 किलोहर्ट्झच्या जवळ. जुनी ट्यूबची चोक, किंचित उघडा नळ, काही इलेक्ट्रॉनिक उपकरणं याच पट्ट्यात किणकिणत असतात. एकाच रॅकच्या एकाच टोकाकडची वेतं सारखी जात असतील, तर त्या टोकाला काय लावलंय ते पाहा.

तारीखही आपल्या हातात असते. शून्य दिवस शुक्रवार असेल तर बाविसावा दिवस शनिवार, आणि रविवारी माणूस नसतो. रविवार ते मंगळवार संध्याकाळी जोड्या लावल्या की शून्य दिवस सोमवार ते बुधवार पडतो आणि माद्या मंगळवार ते गुरुवार वितात. दिवाळीच्या सुट्टीत आणि फटाक्यांत वेत येणार नाही, हे तीन आठवडे आधी कॅलेंडर पाहून ठरवा.

प्रसव साधारण एक-दोन तासांत आटोपतो. चार तासांहून अधिक कळा, अर्धवट अडकलेलं पिल्लू, मादी थकून कुशीवर पडलेली, असं दिसलं तर पशुवैद्याला बोलवा. ऑक्सिटोसिन (कळा वाढवणारं औषध) स्वतः टोचू नका. पिल्लू आडवं अडकलेलं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं.

विस्टारला सड बारा, पिल्लं सहसा आठ ते बारा. चौदा झाली तर जादाची दुसऱ्या आईकडे द्या. दोन्ही वेतांत दोन दिवसांहून अधिक फरक नसावा. दुसऱ्या आईला बाहेर काढा, आलेली पिल्लं तिच्या पिल्लांत आणि तिच्या तुसात मिसळा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग तिला सोडा.

नर पिंजऱ्यातच राहिला असेल तर एक फसवा हिशेब तयार होतो. व्याल्यावर 24 तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते आणि लगेच गाभण राहते. पण अंगावर पिल्लं पीत असली की रोपण लांबतं, म्हणून पुढचं वेत 22 व्या दिवशी न येता काही दिवसांपासून आठवडाभर उशिरा येतं. तेविसाव्या दिवशी "राहिली नाही" लिहून तिला नव्या नराकडे सोडू नका. पिल्लांचं दूध 21 व्या दिवशी तोडा. नवं वेत येईपर्यंत जुनी पिल्लं तिथेच राहिली तर नव्यांना तुडवतात.

हळूहळू घटणारी पिल्लं

वर्षभरात वेत दहावरून सातवर आलं, पिल्लांचं वजन घटलं, पण एकही गोष्ट बिघडलेली सापडत नाही, तेव्हा नात्याकडे पाहा. दर पिढीला अंतःप्रजनन किती वाढतं, त्याचं सूत्र सोपं आहे: 1 भागिले (8 गुणिले नरांची संख्या), अधिक 1 भागिले (8 गुणिले माद्यांची संख्या). दोन नर आणि सहा माद्यांवर चाललेल्या वसाहतीत ते 8.3 टक्के येतं. दहा नर आणि तीस माद्या असतील तर 1.7 टक्के. पंचवीस जोड्या असतील तर 1 टक्का, आणि आउटब्रेड (नात्याबाहेर जोड्या लावून वाढवलेल्या) साठ्यात ते एक टक्क्याच्या आत ठेवावं असा संकेत आहे. छोट्या कॉलेजला पंचवीस जोड्या परवडत नाहीत. अशा वेळी स्वतः पिढ्यान्‌पिढ्या वाढवत बसण्यापेक्षा दर दोन-तीन पिढ्यांनी नोंदणीकृत ब्रीडरकडून नवे नर आणावेत, त्यांना वेगळ्या खोलीत क्वारंटाइन करावं, आणि त्या काळात तिकडचा अटेंडंट इकडे येणार नाही एवढं पाहावं. माद्या पाच-सहा वेतांनंतर किंवा नऊ-दहा महिन्यांच्या झाल्या की थांबवा. कार्डावर आई-बापाचे क्रमांक, शून्य दिवस, वजनं, जन्मलेली आणि दूध तोडताना उरलेली पिल्लं एवढे रकाने पुरतात. शेऱ्याच्या रकान्यात "राहिली नाही"ऐवजी पुन्हा माजावर आल्याची तारीख लिहा.